नमदा घातलेली पिकअप

ताई,

तुझ्या तेराव्याला पंगतीत वाढताना सोसायटीतल्या दोन बायकांचं बोलणं कानावर आलं. एक म्हणाली, "काकू किती हळू बोलायच्या ना! कधी आवाज म्हणून ऐकला नाही त्यांचा." आणि मला हसू फुटलं. हातात भाताची परात, समोर तुझा हार घातलेला फोटो, आणि मी हसतोय. बायकोनं डोळे मोठे केले. मी परात खाली ठेवून सरळ बाल्कनीत गेलो आणि तिथं मात्र हसू राहिलं नाही.

त्या बायकांची काय चूक? त्या दीड-दोन वर्षांपूर्वी राहायला आलेल्या. त्यांनी तुला ऑपरेशननंतरच पाहिलं. पिंपरीच्या कॉलनीत तिसऱ्या मजल्यावरून तू "सुन्याऽऽ" अशी हाक मारलीस की मैदानातली मॅच थांबायची, हे त्यांना कोण सांगणार? आमच्या टीममध्ये तीन सुनील होते. तिघंही घरी जायला निघायचे. पुढं तू बालवाडीच्या बाई झालीस, तेव्हा आई म्हणाली होती, "बरं झालं, आता तो आवाज सरकारकामी लागेल." लग्न होऊन चिखलीला गेलीस तर तुझ्या सासूबाई महिनाभर आम्हाला विचारत होत्या, पोरीला कुणाचा राग आलाय का.

मग गळ्याला ती गाठ निघाली. डॉक्टरांनी आधीच बसवून सांगितलं होतं, गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली आहे, नस वाचेलच असं नाही. तू म्हणालीस, "काढा. बोलून झालंय माझं पुष्कळ." शुद्धीवर आल्यावर तू तोंड उघडलंस आणि नुसती हवा बाहेर आली. पुढं चार-सहा महिन्यांत परत आला तो एवढाच आवाज, की पंखा बंद करून समोर बसलं तर कळावं.

त्या दिवसांत माझ्याकडून एक गोष्ट झाली. तू कधी तिचा विषय काढला नाहीस, आणि मीही नाही. तू दुकानात फोन केला होतास. गाड्यांच्या सीट शिवायचं मशीन चालू होतं, शेजारच्या गाळ्यात कॉम्प्रेसर सुरू होता, आणि एक गिऱ्हाईक सीट कव्हरच्या रंगावरून माझं डोकं खात होतं. मी तीनदा "काय? काय?" केलं आणि मग म्हणालो, "ताई, काही कळत नाही. मोठ्यानं बोल, नाहीतर मेसेज कर." आणि फोन ठेवला. त्यानंतर तू मला फोन केला नाहीस. मेसेज यायचे, रोज यायचे, "जेवलास का" पासून "साखर तपासली का" पर्यंत. पण फोन नाही. हे माझ्या लक्षात यायलाच दोन महिने गेले. लक्षात आल्यावरही मी आज बोलू, उद्या बोलू करत राहिलो.

आणि मग एका सकाळी दाजी पिकअप घेऊन दुकानासमोर आले.

ती पिकअप तर तुझ्या लग्नाआधीपासूनची. दाजींच्या वडिलांनी भाजी आणि दूध वाहायला घेतलेली. शेत गेलं, तिथं अकरा मजली इमारती झाल्या, त्यातच तुमचा फ्लॅट आला, पण पिकअप दाजींनी विकली नाही. दर आठवड्याला तुम्ही दोघं तिच्यातून चाकणच्या बाजाराला जायचात. सोसायटीच्या गेटवर भाजी मिळते, मोबाइलवर मागवली तर दारात येते, तरी चाकण. जाताना-येताना तू अखंड बोलायचीस, इंजिनाच्या वर आवाज काढून, आणि दाजी गाडी चालवत "व्हय, व्हय" करायचे. ऑपरेशननंतरही तुम्ही जात होतात, पण गप्प.

"सुनील," दाजी म्हणाले, "हिचा आवाज बंद करायचा हाय. गाडीचा. आतनं सगळं कारपेट मार. काय ते शीट-बीट बसवत्यात ते बसीव. तुझी ताई बोलती त्येतलं कायच ऐकू येत न्हाई मला ह्या खडखडाटात."

मी म्हणालो, "दाजी, एवढ्या जुन्या गाडीला कशाला? नवीन छोटी कार घ्या की. आतून गप असते."

"तिला हीच आवडती," दाजी म्हणाले. मग जरा थांबून, "मलाबी."

दुसऱ्या दिवशी तू डबा घेऊन आलीस. मी मशीन बंद केलं, पंखा बंद केला. तू टेबलावर ओणवी होऊन म्हणालीस, "कशाला करतोस हे सगळं? माझं ऐकायचं असेल तर गाडी थांबवायची. एवढं सोपं आहे."

"मग दाजींना सांग ना."

"त्यांनी तुला काय सांगितलं?"

"गाडीच्या आवाजात तुझं ऐकू येत नाही म्हणाले."

तू माझ्याकडे रोखून बघितलंस. मला वाटलं, आता भांडणार. पण तू डब्याचं झाकण लावलंस आणि म्हणालीस, "कर मग. नीट कर."

ताई, मी नीट केलं. चार दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. सीट काढली. तळाला दाजींच्या वडिलांच्या काळातलं रबरी मॅट होतं, ते सोलून काढलं तर खाली बोटभर मातीचा थर. काळी, भुसभुशीत. अशी माती रस्त्यावर नसते, शेतातच असते. मी झाडू घेतला, तर दाजी म्हणाले, "थांब." त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत ती सगळी भरून घेतली, कोपऱ्यातली बोटानं उकरून. नंतर तूच सांगितलंस, त्या मातीत तू कढीपत्ता लावलास म्हणून.

पत्रा तारेच्या ब्रशनं घासला. हे काम दाजींनी हट्टानं स्वतः केलं, स्टुलावर बसून. गंज काढून लाल प्रायमर मारला. मग ती काळी चिकट शीट, वरून चांदीसारखा कागद असते ती, गरम हवेनं मऊ करून पत्र्याला रोलरनं दाबत बसवली. तळाला, दोन्ही दारांच्या पोटात, छपराखाली आणि इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला तर दुहेरी. तिच्यावर नमदा, लोकरीसारखा दाबून केलेला, जाड, करड्या रंगाचा. पावसाचं पाणी अडून पत्रा कुजू नये म्हणून तळाची भोकं मोकळी ठेवली. दारांची रबरं बदलली. शेवटी कारपेट. त्या गिअरच्या उंचवट्यावर कारपेट सुरकुती न पडता बसवणं म्हणजे काय असतं, ते मलाच माहीत. वर्तमानपत्राचे तीन नमुने कापून वाया घालवले. आधी दारावर टिचकी मारली की 'टण' वाजायचं. चौथ्या दिवशी मारली तर 'थप'. मी दाजींना म्हणालो, "मारून बघा." त्यांनी मारली आणि माझ्याकडे बघून हसले. आता मला वाटतं, त्यांना तेव्हाही नीट काही ऐकू आलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी मलाही बरोबर घेतलंत. तिघं एका सीटवर, मी मध्ये, गिअरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना गुडघे करून. इंजिन चालू झालं आणि मला माझाच अभिमान वाटला, खरंच सांगतो. इंजिन जणू शेजारच्या घरात चालू होतं. मोशी आली, इंद्रायणीचा पूल आला, आणि तू म्हणालीस, "पुलाखाली पाणी किती चढलंय बघा."

मला शब्द न् शब्द ऐकू आला. दाजी समोर बघत गाडी चालवत होते.

"अहो," तू म्हणालीस.

दाजी समोरच.

"दाजी, ताई बोलतेय."

"आं? व्हय व्हय. झाली बरं का गाडी गप. झ्याक झाली."

तू माझ्या मांडीला चिमटा काढलास. लहानपणी पाहुण्यांसमोर मी काही भलतं बोलायला लागलो की काढायचीस तसाच. मला तो कळायला हवा होता. पण चार दिवसांची मेहनत डोक्यात होती. मी म्हणालो, "दाजी, ऐकू येत नाही का तुम्हाला? मला तर सगळं येतंय. गाडीत काही आवाजच नाही आता!"

दाजींचं हसू मावळलं. चिंबळी फाट्याच्या पुढं उसाच्या रसाचं एक गुऱ्हाळ होतं. तिथं त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"डावा कान कामातनं गेलाय," ते म्हणाले. "फोर्जिंगच्या कंपनीत तापलं लोखंड ठोकायचा हॅमर डाव्या अंगाला आसायचा माझ्या. रिटायर व्हायच्या आदीच गेला, धा-बारा वर्सं झाली." मग समोरच बघत म्हणाले, "गाडी गप केली म्हंजी येईल तिचं ऐकायला, आसं वाटलं हुतं."

मला कुठं तोंड लपवावं कळेना. मध्ये बसलेला माणूस उतरूही शकत नाही.

तू म्हणालीस, "मला माहितेय."

"काय म्हणती?" दाजींनी मला विचारलं.

"तिला माहीत होतं, दाजी."

"कवापासनं?"

तू सांगितलंस, मी मोठ्यानं पोचवलं. तुम्ही उजव्या कुशीवर झोपलात की कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत, तेव्हापासून. डावीकडून हाक मारली की तुम्ही उजवीकडं वळून बघता, तेव्हापासून. मी एकेक वाक्य पुढं ढकलत होतो, आणि अचानक मला कळलं की तू इतकी वर्षं घरात का ओरडून बोलत होतीस. आम्ही सगळे तुला चिडवायचो, ताईच्या गळ्यात भोंगा आहे म्हणून. अगं, आवाज तुझा मोठा होताच, पण लग्नानंतर तो वाढत गेला तो दाजींसाठी. कुणाला कळू नये म्हणून तू सगळ्यांशीच तसं बोलायला लागलीस. दाजींनाही कळलं नाही. गळ्याची गाठ काढली तेव्हा तुमच्यातली ती सोयही गेली.

"मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"त्यांनी कुठं सांगितलं होतं?" तू म्हणालीस. "त्यांना नव्हतं सांगायचं, तर मी कशाला काढू?"

हे मी पुढं पोचवलं नाही. मला जमलं नाही.

मग तू दार उघडून उतरलीस. समोरून वळसा घालून दाजींच्या खिडकीशी जाऊन उभी राहिलीस, त्यांच्या उजव्या कानाशी. मला सुरुवातीला अर्धंच ऐकू आलं, पण दाजींना सगळं आलं, कारण त्यांनी मान झटकन वळवली.

"तू? ही गाडी?"

"मी चालवते. तुम्ही तिकडं डावीकडं बसा. तुमचा उजवा कान माझ्याकडं येतो की नाही?"

"अगं, जड हाय ती. ब्रेकवर उभं ऱ्हावं लागतंय. तुला झेपायची न्हाई."

"पंचवीस वर्षं हेच ऐकतेय."

"रस्ता कसला हाय बघतीस न्हवं? कंटेनर, ट्रेलर..."

"बरं. मग कानाचं मशीन घ्या. आजच घेऊ."

"कानात काय बी घालणार न्हाई मी."

"मग गाडी शिकवा."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या गुऱ्हाळाच्या पाटीकडे बघत बसलो. शेवटी ते म्हणाले, "लायसन काढावं लागंल आदी." तू हसलीस. तुझं ते नवीन हसणं, बिनआवाजाचं, नुसते खांदे हलायचे.

पुढचे दोन महिने तू चिंचवडला ड्रायव्हिंग स्कूलला आलीस, छप्पन्नाव्या वर्षी, साडीवर पांढरे बूट घालून. धडा झाला की दुकानात येऊन पाणी प्यायचीस आणि मास्तरची नक्कल करायचीस. पिकअपमध्ये तुझे पाय क्लचपर्यंत नीट पोचेनात आणि समोरचं दिसेना, म्हणून मी तीन इंची फोमची उशी केली, पाठीमागं एक, खाली एक. संध्याकाळी मोशीच्या मोकळ्या प्लॉटवर दाजी तुला शिकवायचे. एकदा तू खांबाला घासलीस, मडगार्ड चेपलं. मला वाटलं, आता बंद. दाजी फक्त म्हणाले, "खांब तितंच हाय, कुटं जात न्हाई. तू फुडं बघ." माझ्या लग्नात मांडवाला उशीर झाला म्हणून सगळ्यांवर तापलेला हाच माणूस!

दहा महिने तू चाकणच्या बाजाराला गाडी चालवलीस. फक्त दहा. एकदा मोशीच्या सिग्नलला मी स्कूटरवर होतो, तुम्ही पुढच्या रांगेत. शेजारी नव्या गाड्या लादलेला भलामोठा ट्रेलर, त्याचा ड्रायव्हर वाकून तुझ्याकडे बघत होता. तू एक हात हवेत नाचवत काहीतरी सांगत होतीस, आणि दाजी तुझ्याकडे कान करून हसत होते, पार मागं रेलून. मी हॉर्न वाजवणार होतो, पण नाही वाजवला. तिसऱ्या माणसाचं तिथं काम नव्हतं. तेव्हाच मनात आलं होतं, एक दिवस ताईच्या शेजारी बसून फोनचं बोलून टाकू. दिवाळीला बोलू म्हटलं. दिवाळीच्या आधीच एका सकाळी तू उठली नाहीस.

तेरावा झाला, तुझी लेक आठवडाभर राहून नाशिकला परत गेली. दुसऱ्या दिवशी दाजींचा फोन आला. "बाजाराला जायचं हाय. तू चालव."

मी गेलो. वरून किल्ली घेऊन खाली उतरलो तोवर दाजी डावीकडं जाऊन बसलेही होते. तुझी उशी मी काढायला गेलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मग तुझ्या उशीवर, डोकं छपराला टेकत, मी चालवली. आणि ताई, दाजी बोलायला लागले. चिखलीपासून चाकणपर्यंत, थांबलेच नाहीत. तू त्यांना दहा महिन्यांत काय काय सांगितलंस ते सगळं. बालवाडीतला कुठला पोरगा आता पोलिसात आहे. तुला पहिल्या दिवशी सासरी भाकरी थापताना कुणी हसलं होतं. तुला समुद्राची भीती वाटते. तीस वर्षांच्या संसारात त्यांना यातलं निम्मं माहीत नव्हतं. ते मला सांगत होते, मी गिअर बदलत होतो, आणि गाडी इतकी शांत होती की त्यांचा आवाज कुठं अडखळला तेही कळत होतं.

मला वाटलं, हीच वेळ आहे. मी म्हणालो, "दाजी, मी एकदा ताईचा फोन ठेवून दिला होता. मोठ्यानं बोल म्हणालो तिला."

नेमका त्याच वेळी शेजारून कंटेनर हॉर्न मारत गेला.

"काय म्हणलास?"

"काही नाही."

मी पुन्हा सांगितलं नाही. ते सांगायचं होतं तुला, आणि मी दाजींना ऐकवून मोकळा व्हायला बघत होतो. म्हणून इथं लिहितो. ताई, चुकलं माझं. तू फोन करत राहायला हवं होतंस. मी मशीन बंद केलं असतं. तुझ्यावर रागही आहे थोडा, की तू एकदाही शिव्या दिल्या नाहीस. तू शिव्या दिल्या असत्यास तर मला माफी मागायला जागा मिळाली असती.

बाजारात दाजी कांद्याच्या ढिगासमोर जाऊन उभे राहिले. नेहमी पिशवी धरायचे ते, निवडायचीस तू. कांदेवाल्या बाईनं इकडं-तिकडं पाहिलं आणि विचारलं, "आज वहिनी न्हाई आल्या?"

दाजी म्हणाले, "न्हाई." आणि मग, "वारली ती."

बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. दाजी वाकले, दोन-तीन कांदे हातात घेतले, परत ठेवले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सुनील, एका मानसाला आठवड्याला किती लागत्यात रं?"

मी पन्नास वर्षांचा माणूस, कांदे किती लागतात हे मला माहीत नाही असं नाही. पण मी म्हणालो, "दोघांचे घ्या. रविवारी मी जेवायला येतो."

"येशील?"

"दर रविवारी."

त्यांनी दोन किलो घेतले.

काल पहिला रविवार होता. दाजींनी बटाट्याची भाजी केली होती, कांदा भरपूर, फोडी एक लहान तर एक केवढी. पोळ्या बाहेरून आणल्या होत्या. आम्ही तुझ्या टेबलाला समोरासमोर बसलो. पहिला घास खाल्ला आणि मला कळलं, मीठच नाही. मी तसाच दुसरा घास घेतला. दाजींनीही घेतला, चावता चावता थांबले, आणि उठून ओट्याशी गेले. फळीवरचे डबे एकामागून एक उघडून बघायला लागले. तीळ, खोबरं, रवा. मग मीही उठलो आणि खालचे बघायला लागलो. तुझ्या स्वयंपाकघरात आम्ही दोघं वाकून, उकिडवे बसून, स्टुलावर चढून मीठ शोधत होतो, आणि आमच्यापैकी एकालाही ते कुठं असतं हे माहीत नव्हतं.

सापडलं, ताई. गॅसच्या शेजारी, उघड्यावर, अगदी समोर होतं.